गुरुजींच्या अकरा वह्या

मुलांनो, समोरची भिंत घटकाभर विसरा आणि माझ्याबरोबर आदिलाबादजवळच्या गुडीहत्नूरला चला. हमरस्त्यावरून नागपूरकडे जाणारे ट्रक धडधडत चालले आहेत. रस्त्यापासून थोडं आत, मारोतरावांच्या किराणा दुकानाच्या मागं, स्लॅबचं एक घर आहे. अंगणातल्या पत्रावळी नुकत्याच उचलल्या आहेत. कढीचा आणि उडदाच्या वड्यांचा वास अजून हवेत आहे. कावळ्यानं घास घेतला आहे, तेव्हा घरातल्यांनी आता निवांत बसायला हरकत नाही. पण ओट्यावर बसलेल्या त्या म्हातारीकडं बघा. तिचे डोळे रस्त्याकडं लागले आहेत. एक माणूस येणार आहे, त्याला एक वस्तू द्यायची आहे, आणि ती वस्तू घरात नाही.

तुमच्यावर कधी अशी वेळ आली आहे का? बाई म्हणतात, वही दाखव. आणि दप्तरात वही नसते. तशीच वेळ शकुबाईवर आली होती. फक्त इथं वह्या अकरा होत्या, आणि त्या हरवल्या नव्हत्या.

सुधाकरराव गुरुजी गेले, त्याला त्या दिवशी वर्ष झालं होतं. शकुबाई त्यांची बायको. वर्षश्राद्धासाठी मुलगा पंकज बेल्लमपल्लीहून आला होता. तिथं कोळशाच्या खाणीत त्याची नोकरी. सोबत त्याची दहा वर्षांची मुलगी मयूरी. गुरुजींची थोरली बहीण बयनाबाई कापसाची वेचणी टाकून तलमडुगुहून आली होती. धाकटे भाऊ मारोतराव तर घरचेच. जेवणं उरकली आणि पंकजनं कोपऱ्यातली लोखंडी पेटी उघडली. आत चष्मा होता, मफलर होता, वाळलेली शाईची दौत होती.

"माय, बाबाच्या वह्या कुठं हायेत? डोमाजी येऊन राह्यला. सकाळीच त्याचा फोन आल्ता."

शकुबाईनं रस्त्यावरची नजर काढली नाही. "बासरला."

"बासरला? कोणाकडं ठेवल्या?"

"कोणाकडं नाई. गोदावरीत सोडल्या."

पंकज पेटीचं झाकण धरून तसाच उभा राहिला. "म्हंजे तो पांढरा गठ्ठा? मी त्या दिवशी अस्थी सोडत होतो अन् तू बाजूले जे सोडलं, ते? मले वाटलं त्याच्यात बाबाचे धोतरं हायेत!"

"धोतरं कोणी छातीशी धरून नेते का रे?" आतून बयनाबाई बोलली. हात पुसत ती बाहेर आली. "आता ओरडू नको. मीच म्हटलं होतं तिले. लिहिलेला कागद का रद्दीवाल्याले द्यायचा? त्याच्यात भजे बांधन तो. बासरला सरस्वती हाय. लेकरू पयलं अक्षर तिथंच गिरवते. तिच्याच दारात सोडलं. काय वाईट केलं?"

"आत्या, एक वही उघडून तं पाहाची!"

"तू पाह्यली?"

"मी तेरा दिवसाच्या सुट्टीवर आल्तो. पाहुणे, दहावं, तेरावं..."

"तेरा दिवसात एक पान उलटायले येळ नाई भेटला, अन् आता मले विचारून राह्यला!"

मुलांनो, या बाईशी भांडणात आजवर कोणी जिंकलेलं नाही. पंकजनं काकांकडं पाहिलं. मारोतराव दाराशी खुर्चीत बसले होते. एरवी गिऱ्हाइकाशी तासन्‌तास बोलणारा हा माणूस सकाळपासून गप्प होता. पुतण्यानं पाहिलं म्हणून तो एवढंच बोलला, "बायकाईनं विचाराले पाहिजे होतं."

"अस्सं!" बयनाबाई त्याच्याकडं वळली. "अन् जीप कोणाची होती रे मारोती? गठ्ठा जीपमंधी कोणी चढवला?"

मारोतरावांनी मान खाली घातली.

त्या वह्यांत काय होतं, हे आता तुम्हाला सांगायला हवं. गुरुजींनी चाळीस वर्षं इथल्या शाळेत मराठी शिकवलं. तेलुगू बोलणारी माणसंसुद्धा त्यांना मानानं पंतुलु, म्हणजे गुरुजी, म्हणत. नोकरी संपल्यावर त्यांनी गावातली माणसं लिहायला घेतली. सरपंच, आमदार यांचे फोटो कुठं ना कुठं लागतातच. गुरुजींनी लिहिलं ते विमलबाई सुईणीबद्दल, लखन टपालवाल्याबद्दल. लिहिलं ते ताराबाईबद्दल. दुष्काळाच्या साली तिनं आपल्या मळ्यातली वांगी वाळू दिली आणि विहिरीचं पाणी शाळेच्या पोरांना दिलं. ज्यांचं नाव कुठल्या दगडावर नाही, अशांसाठी त्या अकरा वह्या होत्या. आता शाळेला पंचाहत्तर वर्षं होत होती. जुने विद्यार्थी मिळून गावाच्या माणसांचं पुस्तक छापत होते, आणि ते काम त्यांच्यातल्या डोमाजीकडं होतं.

शकुबाईला वाचता येत नव्हतं. साऱ्या गावाला शिकवणाऱ्या माणसाच्या घरात असं कसं, असं लोक पाठीमागं म्हणत. गुरुजींनी दोनदा पाटी समोर ठेवली होती. ती म्हणाली होती, "आता काय करू शिकून?" त्यांनी तिसऱ्यांदा ठेवली नाही. वह्या तिनं रोज पुसल्या. दसऱ्याला त्यांची पूजा केली, हळदकुंकू वाहिलं. तिच्यासाठी त्या वह्या म्हणजे गुरुजीच होते. माणूस गेला तर त्याच्या वह्यांनी मागं कशाला राहायचं, असंच तिला तेव्हा वाटलं होतं.

फटफटीचा आवाज आला.

"ऐक माय," पंकज घाईनं म्हणाला, "वाळवी लागली म्हणू. वह्याईले वाळवी लागली, सगळ्या गेल्या. संपलं."

"हो, हे बरं हाय," बयनाबाई लगेच म्हणाली. "वाळवी काय, कोणाच्याही घरात लागते." मघाशी एकमेकांवर धावून जाणारी ही आत्या आणि हा भाचा आता एका बाजूला झाले होते. "मारोती, तूही तेच म्हण."

डोमाजी ओट्याशी आला. साठीचा, उंच, वीज ऑफिसातून नुकताच निवृत्त झालेला. त्यानं गुरुजींच्या हार घातलेल्या फोटोला हात जोडले, शकुबाईच्या पाया पडला. ओट्यावर बसून त्यानं काखेतली कापडी पिशवी काढली आणि मांडीवर ठेवली. कोरी पिशवी होती, इस्त्रीची घडी मोडलेली नव्हती.

"खास शिवून घेतली काकू, वह्याईसाठी. गुरुजीचं सामान का प्लास्टिकमंधी नेऊ?"

डोमाजीनं बगलेतली कागदांची चळत पंकजपुढं धरली. "हे पाहा, पुस्तक तयार होऊन राह्यलं. पण पाहून जीव उदास होते. हे ठेकेदार, हे ठेकेदाराचे जावई, हे माजी सरपंच, हा त्याईचा वाढदिवस. ज्यानं फोटो पाठवला तो थोर माणूस! पाच पानं मी अडवून ठेवली. प्रेसवाला म्हणते जाहिराती टाका. मी म्हटलं, नाई, तिथं गुरुजीची माणसं येतीन."

"डोमाजीभाऊ," पंकज खाकरला. "त्याचं असं झालं... त्या वह्याईले वाळवी..."

"नाई," शकुबाई म्हणाली.

ती इतक्या हळू बोलली की पंकजला पुढं बोलता आलं असतं. पण तो थांबला.

"त्या बिचाऱ्या किड्यावर काऊन घालता? आपण केलं, आपण सांगावं. डोमाजी, वह्या मी गोदावरीत सोडल्या. याच हातानं. अस्थीसंगं."

डोमाजीला ते कळायला वेळ लागला. त्यानं आधी पंकजकडं पाहिलं, मग बयनाबाईकडं. बयनाबाईनं पदर तोंडाशी धरला होता.

"अकराही?"

"अकराही."

त्यानं मांडीवरची पिशवी उचलली आणि पुन्हा तिथंच ठेवली. "वाचल्या होत्या का कोणी?"

अंगणात मयूरी पायरीवर बसून बोटानं मातीत रेघा ओढत होती. तिनं हात थांबवला.

तेव्हा मारोतराव उठले. खुर्ची सोडून ते डोमाजीसमोर जमिनीवर बसले. सत्तरीचा माणूस, गुडघे वाकेनात. भिंतीला धरून बसले.

"वैनीचा दोष नाई," ते म्हणाले. "दोष माहा हाय. दादानं मले सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?" शकुबाईनं विचारलं.

"आदिलाबादच्या दवाखान्यात. शेवटच्या आदल्या दिवशी. म्हणे, मारोती, वह्या डोमाजीले देजो. मी हो म्हटलं. मंग सगळी धावपळ... डोक्यातून गेलं. जीपमंधी गठ्ठा मीच चढवला, तवाही आठवलं नाई. निर्मलच्या अलीकडं घाट लागला, अन् तिथं एकदम दादाचा आवाज कानात आला."

"मंग?" पंकज म्हणाला.

"मंग काय? अस्थी घेऊन निघालेली गाडी कोणी मागं फिरवते का? अपशकून. मी ड्रायव्हरच्या बाजूले बसून राह्यलो."

"गाडी फिरवू नको, पण बासरला उतरल्यावर तं बोलायचं होतं!" बयनाबाईचा आवाज चिरला. "गठ्ठा तेवढा बाजूले काढून ठेवला असता. माह्या तोंडून निघालेली गोष्ट, पण मले काय ठाऊक भाऊ काय बोलून गेला!"

"बोलणार होतो अक्का. घाटावर उतरलो. वैनी त्या गठ्ठ्याले लेकरासारखं धरून पायऱ्या उतरून राह्यली होती. तिच्या डोळ्याले धार. मले वाटलं, आता हिच्या हातातून हे कसं घेऊ? जीभ उचलली नाई."

शकुबाईनं दिराकडं पाहिलं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा हा मारोती हाफपँटीत होता, तिच्या मागं मागं फिरायचा. त्याच्यावर ती कधी चिडली नव्हती. आज तिच्या छातीत काही तरी उकळून वर आलं आणि मग तसंच खाली बसलं.

"तुमी बोलले असते तं मी दिल्या असत्या, भाऊजी," ती म्हणाली. "एका शब्दानं दिल्या असत्या."

मारोतराव रडले नाहीत. फक्त मान हलवत राहिले, हिशेब चुकलेल्या माणसासारखे. मग म्हणाले, "दादा जिता होता तवाही हेच. दुकानावर यायचा. म्हणे बस जरा, आज ताराबाईचं लिहिलं, ऐक. मी म्हणो, गिऱ्हाईक हाय दादा, संध्याकाळी. संध्याकाळी शटर पाडलं की मले झोप ये. पंधरा वर्षं त्यानं लिहिलं. मी एक पान नाई ऐकलं."

डोमाजी रागावेल असं सगळ्यांना वाटत होतं, आणि रागावला असता तर घरच्यांना बरंच वाटलं असतं.

"मी तरी काय केलं?" तो शेवटी म्हणाला. "गुरुजी गेले तवा मी इथंच होतो. तेराव्याले जेवलो. वह्याईचं मलेही ठाऊक होतं. म्हटलं, दुःखाचं घर, कसं मागावं? मंग वेचणी, मंग पोरीचं लग्न. तीन किलोमीटरवर राहतो मी काकू. वर्षानं आलो."

तो उठला. इस्त्रीची पिशवी त्यानं पुन्हा काखेत धरली. "पंधरा दिवस आणखी थांबवतो प्रेसवाल्याले. पण थांबून तरी काय करू?"

तो पायरी उतरला. शकुबाई त्याच्या पाठीकडं पाहत होती. दर संध्याकाळी गुरुजी लिहिलेलं तिला वाचून दाखवायचे. ती स्वयंपाकघरात, ते दारात पाटावर. म्हणायचे, "शकू, बरोबर हाय का पाह." आणि ती भाकरी थापता थापता सांगायची, विमलबाईचा नवरा नाई हो, दीर होता तो, किंवा, ताराबाईच्या विहिरीले मोट नव्हती, इंजन होतं. ते खोडून पुन्हा लिहायचे. पण अर्धा कान भाकरीकडं, अर्धा त्यांच्याकडं. तिला वाटायचं, वहीत तर आहेच सगळं. मी कशाला ध्यानात ठेवू?

"लखन खाली बसला की बायका रडत," ती म्हणाली.

डोमाजी वळला. "काय म्हटलं काकू?"

"लखन. टपालवाला. लोकाईले वाचता येत नसे, तं पत्र तोच वाचून दाखवे. बरी खबर असली की उभ्यानं वाचे. वाईट असली की आधी ओट्यावर बसे, पाणी मागे, मंग वाचे. तं गावाले कळून गेलं. लखन बसला की बायका आधीच गळा काढत." ती थोडी थांबली. "एकदा त्याच्या पायात बाभळीचा काटा गेला. काटा काढाले म्हणून बसला बिचारा एका ओट्यावर. घरातून सात बाया रडत बाहेर आल्या. शेजारपाजारचे जमले. एकीनं तं बांगड्याही फोडल्या. अन् पिशवीत त्या घरचं पत्रच नव्हतं!"

आधी बयनाबाई हसली. मग डोमाजी. वर्षश्राद्धाच्या घरात हसावं की नाही, हे कोणाला कळेना; पंकजनं तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. मारोतराव मात्र हसले नाहीत. ही गोष्ट त्यांनी पहिल्यांदाच ऐकली होती, आणि ती त्यांच्या दादानं लिहिलेली होती.

"आजी, हळू सांग ना," मयूरी म्हणाली. ती केव्हाच आत जाऊन शाळेची वही घेऊन आली होती. "बाभळीचा काटा, मंग?"

डोमाजीनं वाकून पाहिलं. वहीत तेलुगू अक्षरं होती. मयूरीची शाळा बेल्लमपल्लीची, तिथं मराठी नव्हतं. गुरुजींनी दोन सुट्ट्यांत नातीला मराठी मुळाक्षरं शिकवायला घेतली होती; तिसऱ्या सुट्टीच्या आधीच ते गेले. म्हणून आजीचं बोलणं जसंच्या तसं तिनं तिला येणाऱ्या अक्षरांत उतरवलं होतं. डोमाजीनं बोट ठेवून वाचलं, "लखन खाली बसला की बायका रडत." मग तो पायरीवर बसला आणि त्यानं पिशवी बाजूला ठेवली.

"विमलबाईचं सांगा काकू."

"विमलबाई सुईण. तिचा कायदा होता. ज्याचं लेकरू, त्यानंच कंदील धरून बोलवाले यायचं. सासू आली, दीर आला तं ती हलायची नाई. म्हणे, बाप होतो तं दाराबाहेर बस, बायकोचं ओरडणं ऐक, मंग समजन. मोठमोठे पाटील कंदील धरून चालले तिच्यापुढं. एकदा एक जण आलाच नाई. गडी पाठवला. पाऊस होता, नाला भरला होता. मंग विमलबाईनं..."

शकुबाई थांबली.

"काय केलं विमलबाईनं?" मयूरीची पेन्सिल वर होती.

"थांब." म्हातारीनं डोळे मिटले. गुरुजींचा आवाज तिला ऐकू येत होता, पाट दिसत होता, चष्म्याची दांडी दिसत होती. शब्द मात्र येत नव्हते. "दूध उतू गेलं तवा," ती पुटपुटली. "मी चुलीकडं धावली. परत आली तं त्याईनं पान उलटलं होतं. मी म्हटलं नाई, पुन्हा वाचा म्हणून."

अकरा वह्यांमधलं किती आपल्याजवळ आहे, याचा अंदाज तिला त्या क्षणी आला. दोन वह्यांचं असेल. कदाचित तेवढंही नाही. आणि अकराव्या वहीत एक पान असं होतं की ते आलं की गुरुजी थांबत, घसा साफ करत आणि न वाचता पुढं जात. त्यावर कोणाबद्दल लिहिलं होतं, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. तिला वाटे, आपल्याबद्दल असेल. लाजून तिनं विचारलं नाही. आता विचारायला माणूस नव्हता आणि पाहायला पानही नव्हतं.

मयूरीनं वहीत तीन ओळी कोऱ्या सोडल्या. "आजी, हे आणखी कोणाले ठाऊक असन?"

"भागाबाईले असन," बयनाबाई म्हणाली. "विमलबाईची लेक. मारुतीच्या देवळामागं राहते. पंच्याऐंशीची झाली, कानानं ऐकू येत नाई, पण डोकं शाबूत हाय."

"मंग मी जाते."

"आज नाई वं पोरी. आज आपलं श्राद्धाचं घर. आज दुसऱ्याच्या उंबऱ्यात पाय ठेवत नाईत. उद्या जाजो."

"उद्या सकाळच्या बसनं आमी निघून राह्यलो," पंकज म्हणाला.

"मंग दिवाळीत. भागाबाई कुठं पळून जाते?"

मारोतरावांनी मान वर केली. बहिणीकडं पाहिलं, डोमाजीकडं पाहिलं. तोंड उघडलं. घाटातल्या जीपमध्ये जसे ते बसले होते, तसे बसून राहतात की काय असं शकुबाईला वाटलं. मग ते बोलले. "अक्का, थांबवू नको तिले."

"अरे पण रीत..."

रीत मोडायची की पाळायची, यावर मोठी माणसं बोलत राहिली. पंकज म्हणाला, बस चुकवू. बयनाबाई म्हणाली, बस कशाला चुकवता, फोनवर विचारा. डोमाजी म्हणाला, बहिऱ्या म्हातारीला फोनवर कसं विचारता? सगळे एकदम बोलत होते, त्यामुळं मयूरी केव्हा उठली ते कोणी पाहिलं नाही.

ती देवळामागच्या गल्लीत शिरली. भागाबाई दारातच बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मयूरी थेट उंबऱ्यापर्यंत गेली आणि त्याच्या अलीकडं, अंगणातच, दोन्ही पाय जुळवून उभी राहिली. वही उघडली. "भागाआजी, तो माणूस कंदील घेऊन आला नाई, तवा तुमच्या मायनं काय केलं?" म्हातारीनं कानाला हात लावला आणि पुढं वाकली. तेव्हा मयूरीनं पेन्सिल दातात धरली, दोन्ही हातांचा तोंडाशी भोंगा केला, मग पेन्सिल आड येते म्हणून ती केसांत खोचली, आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तोच प्रश्न पुन्हा विचारला.